सोन्याचा क्रूस गळ्यात रोज घालायचा असेल तर: घेण्यापासून घालण्यापर्यंत सगळं

पहिल्या पगारातून, मुलीच्या दृढीकरणाला (कन्फर्मेशनला) नाहीतर लग्नात सुनेसाठी म्हणून आपल्याकडे हौसेने सोन्याचा क्रूस घेतला जातो आणि मग बऱ्याच घरांत तो फक्त नाताळ आणि ईस्टरला कपाटातून बाहेर येतो. का घालत नाही विचारलं की उत्तरं ठरलेली, सारखा उलटा होतो, ओढणीत अडकतो, मंगळसूत्रात गुंततो, चेन इतकी बारीक आहे की भीती वाटते. हे सगळं टाळता येतं, पण ते दुकानात असतानाच टाळावं लागतं, घरी आल्यावर फार काही करता येत नाही. मी रोज क्रूस घालते, घरातल्या आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बऱ्याच जणींबरोबर सराफाकडे जाऊन बसलेय, त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याला काय काय माहीत नसतं ते चांगलं ठाऊक झालंय. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

एक गोष्ट डोक्यात पक्की करूनच दुकानात जा. क्रूस रोजच्यासाठी घ्यायचा आहे, आणि तो गळ्यात सरळ, तोंड समोर करून राहिला पाहिजे. बाकी डिझाईन, खडे, फॅशन हे त्याच्यानंतर.

निघण्याआधी हे जवळ ठेवा

- साधारण पाऊण मीटर दोरा आणि एक सेफ्टी पिन (कशाला ते पुढे सांगते)
- जो कपडा तुम्ही सगळ्यात जास्त घालता तोच अंगावर, भारीतला नको
- फोनमध्ये बीआयएस केअर ॲप (भारतीय मानक ब्युरोचं, हॉलमार्क तपासायचं) आधीच डाउनलोड केलेलं
- जुनं सोनं मोडीत देणार असाल तर त्याचं बिल, आणि आधार कार्ड, बहुतेक पेढ्या मागतात
- खरेदी २ लाखांच्या वर जाणार असेल तर पॅन कार्ड
- आधीच मंगळसूत्र किंवा दुसरी चेन घालत असाल तर ती गळ्यातच ठेवून जा

१. आधी ठरवा, कोणासाठी आणि कुठला क्रूस

स्वतःसाठी घेताना हा प्रश्न सोपा, भेट द्यायला घेताना मात्र नीट विचारून घ्या. कॅथलिक घरांत येशूची मूर्ती असलेला क्रूस, म्हणजे क्रुसिफिक्स, मनापासून घातला जातो. प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे आपले सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट वगैरे, साधा रिकामा क्रूस जास्त चालतो कारण प्रभू उठला आहे, क्रूस रिकामा आहे ही त्यामागची भावना. दोन्हींमध्ये श्रद्धा तीच आहे पण मूर्तीवाला क्रूस भेट मिळाला आणि तो घालायला संकोच वाटला असं होतं, आणि मग तो कपाटात जातो. ॲडव्हेंटिस्ट कुटुंबांत आणि काही पेंटेकोस्टल, ब्रदरन मंडळ्यांत दागिने घालतच नाहीत, पुण्यात औंधच्या स्पायसर या ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठाच्या बाजूला ओळखी असतील तर तुम्हाला हे माहीतच असेल. तिथे सोन्याचा क्रूस द्यायच्या आधी एक फोन करा.

आकार बरेच दिसतील. खालचा दांडा लांब असलेला तो लॅटिन क्रूस, सगळ्यात ओळखीचा. चारही बाजू सारख्या तो ग्रीक. मधे वर्तुळ असलेला सेल्टिक. इंग्रजी टी सारखा असतो तो ताऊ, फ्रान्सिस्कन लोक घालतात. टोकं फुलासारखी उमललेला संत थॉमसचा क्रूस केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांचा, पुण्यात मल्याळी कुटुंबं भरपूर असल्यामुळे तो इथेही दिसतो. पहिला क्रूस असेल तर माझं मत लॅटिन, साधा, भरीव, खडे नसलेला. बायकांसाठी उंची १५ ते २५ मिलिमीटर रोजच्याला पुरते, पुरुषांसाठी २५ ते ३५. कोपरे बोटाने चाचपून बघा. टोकदार असतील तर कारागिराला ते गोलसर घासून द्यायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याने रेशमी साडीचे धागे वाचतात. पातळ पत्र्यातून ठोकून काढलेले क्रूस स्वस्त पडतात पण झोपेत सुद्धा वाकतात, ते घेऊ नका.

तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि क्रूस आवडतो म्हणून घालायचा असेल, मैत्रिणीने दिला असेल, कॉन्व्हेंटमध्ये शिकलात म्हणून जिव्हाळा असेल, तर जरूर घाला. फक्त इतकं पाळा की मूर्तीवाला क्रूस फॅशन म्हणून नको, आणि पैंजणात किंवा कमरपट्ट्यात क्रूस लटकवू नका. आणि रोझरी म्हणजे जपमाळ, ती प्रार्थनेची वस्तू आहे, ती नेकलेस म्हणून घालू नका, चर्चमध्ये कुणी तोंडावर बोलणार नाही पण मनाला लागतं हे खरं आहे.

२. दोरा घ्या आणि लांबी मोजा

हे घरी, आरशासमोर. दोरा गळ्याभोवती घ्या, पुढे सेफ्टी पिन अडकवा म्हणजे तिच्या वजनाने दोरा चेनसारखाच खाली येतो, आणि पिन जिथे पाहिजे तिथे आल्यावर मागे गाठ मारा. मग दोरा कापून सरळ करून टेपने मोजा. दुकानात इंचात बोलतात, १६ इंच म्हणजे साधारण ४० सेंटीमीटर, १८ म्हणजे ४५, २० म्हणजे ५०, २४ म्हणजे ६०.

१६ इंचाची चेन गळ्याच्या खळगीशी बसते, बारीक मानेला छान दिसते, मान भरलेली असेल तर आवळल्यासारखी वाटते. १८ इंच गळ्याच्या हाडाच्या थोडी खाली येते आणि बहुतेक बायकांना हीच सोयीची पडते. २० ते २२ छातीच्या वरच्या भागावर, साडीवर आणि पुरुषांच्या शर्टाच्या आत हीच बरी. २४ आणि त्याच्या पुढची लांबी फक्त मोठ्या क्रूसाला शोभते, लहान क्रूस तिथे हरवतो. पण हे सगळं मानेच्या घेरावर आणि उंचीवर बदलतं, मैत्रिणीला १८ चांगली दिसते म्हणून तुम्हाला दिसेलच असं नाही, म्हणून तर दोरा. क्रूसाची स्वतःची उंची आणि कडी मिळून आणखी इंचभर खाली जातं हेही मोजताना धरा, बऱ्याच जणी हे विसरतात आणि मग क्रूस नेमका कुर्त्याच्या गळ्याच्या काठावर येऊन अर्धा आत अर्धा बाहेर असा बसतो.

ठरत नसेल तर १८ इंचाची चेन घेऊन १६ इंचावर एक जास्तीची कडी लावून घ्या, एकाच चेनमध्ये दोन लांब्या होतात.

३. चेन: क्रूसापेक्षा जास्त वेळ इथे द्या

सगळ्यांचं लक्ष क्रूसावर आणि तुटते चेन. साधा नियम म्हणजे चेनचं वजन क्रूसापेक्षा जास्तच हवं, दुप्पट असेल तर उत्तम. २२ कॅरेटमध्ये १८ इंचाची रोजची चेन ४ ग्रॅमच्या खाली घेऊ नये असं माझं मत आहे, दुकानात दीड-दोन ग्रॅमच्या फार नाजूक सुंदर चेन दाखवतात पण त्या झोपताना, बाळ कडेवर असताना, केसांत अडकल्यावर टिकत नाहीत. बजेट तेवढं नसेल तर १८ कॅरेटकडे वळा. त्यात सोनं ७५ टक्के आणि बाकी तांबं, चांदी वगैरे, त्यामुळे धातू जास्त कडक होतो आणि बारीक चेन त्यातल्या त्यात टिकते. रंग किंचित फिका दिसतो इतकंच.

प्रकार पुष्कळ आहेत, थोडक्यात सांगते. बॉक्स चेन आणि साध्या गोल कड्यांची चेन क्रूसाला सगळ्यात चांगली, क्रूस सरकतो पण अडकत नाही, तुटली तर डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडता येते. रोप म्हणजे दोरीसारखी पिळाची चेन मजबूत असते आणि चमकते सुद्धा, पण तिच्यात मागचे बारीक केस अडकतात. पुरुषांना कर्ब (चपट्या कड्यांची) किंवा फिगारो (लहान-लांब कड्या आलटून पालटून असलेली) शोभते. स्नेक चेन, ती गुळगुळीत सापासारखी, दिसते फार सुरेख पण एकदा मुडपली की मुडपलीच, सरळ होत नाही आणि दुरुस्तीलाही कारागीर नाखूश असतात. पोकळ चेन सुद्धा टाळा, कमी वजनात जाड दिसते म्हणून मोह होतो पण चेपली की संपली.

लॉक लॉबस्टरचं, म्हणजे स्प्रिंगचा खटका असलेलं, मागा. एस हुक घालायला सोपा खरा पण ढिला झाला की आपोआप निघतो. अजून एक युक्ती म्हणजे एकच क्रूस कायम घालणार असाल तर क्रूसाची कडी लॉकपेक्षा आणि चेनच्या दुसऱ्या टोकाच्या कडीपेक्षाही लहान ठेवून चेनमध्येच कायमची बंद करून घ्या. चेन लॉकपाशी उघडली तरी क्रूस घसरून पडत नाही, कारण चेनचं कुठलंच टोक त्या कडीतून बाहेर जात नाही. क्रूस बदलून घालायची हौस असेल तर मात्र उलट, कडीतून लॉक आरामात गेलं पाहिजे, तेही दुकानातच करून बघा.

४. कडी बघा, कारण क्रूस तिच्यामुळे उलटतो

हा भाग कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर.

क्रूसाच्या वरच्या टोकाला जे भोक किंवा कडी असते तिची दिशा बघा. भोक समोरून मागे आरपार असेल आणि चेन थेट त्यातूनच ओवली तर क्रूस आडवा फिरतो, म्हणजे समोरून फक्त त्याची कड दिसते. अशा क्रूसाला मधे दुसरी कडी लागते, पहिलीला काटकोनात, म्हणजे मग क्रूसाचं तोंड समोर येतं. उलट भोक डावीकडून उजवीकडे असेल तर चेन सरळ त्यातून जाते आणि क्रूस आपोआप समोर बघतो. चेन ओवून, क्रूस लटकवून, हाताने हलवून सोडा आणि कसा थांबतो ते बघा, हे काउंटरवर करायला अजिबात लाजू नका.

मागेपुढे पालटणं हा वेगळा त्रास. गोल बारीक कडी असली की क्रूस गरागरा फिरतो. कडी रुंद, चपटी, थोडी लांबट असेल तर ती चेनवर नीट टेकते आणि पालटणं खूप कमी होतं. फारच हलका क्रूस सुद्धा पालटतो, वाऱ्याने, पदराने, कशानेही. आणि मागची बाजू सपाट हवी, मागे खड्यांची जाळी किंवा उंचवटा असेल तर तो छातीवर टेकतच नाही.

अजिबातच पालटायला नको असेल तर क्रूसाच्या आडव्या दांड्याच्या दोन टोकांना दोन कड्या लावून चेन दोन्ही बाजूंनी जोडून घ्यायची. मग तो हलत नाही, लहान मुलींना आणि धावपळीच्या कामात असणाऱ्यांना हे फार बरं. यात चेनची लांबी मात्र नंतर सहज बदलता येत नाही. काही ठिकाणी क्रूस आडवा झोपवून बसवलेला नेकलेसही मिळतो, लांब दांडा आडवा, तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, मला उभाच आवडतो.

उलटा लटकणारा क्रूस, म्हणजे लांब दांडा वर, हा काही कॅटलॉगमध्ये फॅशन म्हणून असतो. परंपरेत तो संत पेत्राचा क्रूस आहे, त्याने स्वतःला प्रभूसारखं क्रूसावर मरायला अपात्र मानून उलटं खिळायला सांगितलं अशी परंपरा आहे. पण आजकाल लोक त्याचा भलताच अर्थ लावतात, त्यामुळे प्रत्येकाला समजावत बसायची तयारी असेल तरच.

५. कॅरेट, हॉलमार्क आणि २ ग्रॅमची मेख

२२ कॅरेट म्हणजे ९१६, १८ म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५. २४ कॅरेटचा क्रूस कुणी देतो म्हणालं तर रोजच्यासाठी नको, फार मऊ असतो.

दागिन्यावर तीन खुणा असायला हव्यात, बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, कॅरेटचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा वेगळा नंबर. हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क म्हणजे एचयूआयडीवालाच. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, दुकानाची नोंदणी, कुठल्या केंद्रात तपासला हे सगळं दिसतं. दुकानात उभं राहूनच टाका. ॲपमध्ये अंगठी दाखवतंय आणि तुमच्या हातात चेन आहे असं झालं तर तिथेच थांबा.

आता मेख. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला या सक्तीतून सूट आहे, आणि आपले बहुतेक क्रूस दीड-पावणेदोन ग्रॅमचेच असतात! म्हणजे चेनवर हॉलमार्क सापडतो आणि आपण खूश होऊन क्रूस बघतच नाही. तीन मार्ग आहेत. एक, २ ग्रॅमच्या वरचा क्रूस घ्या, तसाही तो कमी पालटतो. दोन, दुकानातल्या मशीनवर, कॅरेटोमीटर म्हणतात ते, क्रूस समोर तपासून मागा आणि बिलावर क्रूसाचं वजन आणि कॅरेट चेनपासून वेगळं लिहून घ्या. तीन, अजून शंका असेल तर बीआयएसची मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात फी भरून स्वतः तपासून घ्या, ग्राहकाला तशी सोय आहे.

तुळशीबागेत आणि फॅशन स्ट्रीटला एक ग्रॅम गोल्डचे क्रूस मिळतात, दिसायला अगदी सोन्यासारखे. ते मुलामा दिलेले असतात, लांबी आणि आकार जमतोय का हे आजमावायला महिनाभर घालून बघायला उत्तम, मी तर हे सुचवतेच. सोनं म्हणून मात्र त्यांची किंमत शून्य.

६. बिल समजून घ्या

लक्ष्मी रोडला सोन्या मारुती चौकाच्या आसपास, रविवार पेठेत किंवा कॅम्पात एमजी रोडला, कुठेही जा, हिशोब सारखाच असतो. समजा २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरला (हिशोबाला सोपा म्हणून, खरा त्या दिवशीचा बघा). चेन ४ ग्रॅम आणि क्रूस दीड, एकूण साडेपाच ग्रॅम, म्हणजे ५५,०००. त्यावर घडणावळ १२ टक्के म्हणजे ६,६००. झाले ६१,६००. त्यावर ३ टक्के जीएसटी १,८४८. एकूण ६३,४४८, आणि हॉलमार्कचे नगामागे थोडे पैसे वेगळे.

घडणावळीवर घासाघीस होते, दरावर नाही. म्हणून दोन-तीन पेढ्यांत टक्केवारी विचारा. आणि "घडणावळ शून्य" असा बोर्ड दिसला तर तूट किंवा घट किती टक्के लावताय आणि दर कुठला धरताय हे विचारा, कुठूनतरी ती वसूल होतेच. १८ कॅरेट घेताना २२ चा दर लावला नाही ना हेही बघा. क्रूसात खडे असतील तर खड्यांचं वजन वजा करून निव्वळ सोन्याचं वजन बिलावर हवं, मंगळसूत्रात काळे मणी असतील तर तेही वजा. पुढे कधी मोडायला गेलात तर घडणावळ परत मिळत नाही, म्हणून नक्षीकाम जितकं कमी तितकं नुकसान कमी.

७. कशावर कसा घालायचा

एका वाक्यात सांगायचं तर गळ्याचा आकार आणि चेनचा आकार यांचं भांडण होऊ देऊ नका. व्ही गळ्याच्या कुर्त्यावर चेन सुद्धा व्ही करून पडते, क्रूस मधल्या मोकळ्या जागेत बसतो, हे सगळ्यात सुंदर. गोल गळ्यावर १६ इंच म्हणजे क्रूस कपड्याच्या वर, कातडीवर. बोट नेक किंवा बंद गळा असेल तर २० ते २२ इंच, कपड्याच्या वरून. कॉलरचा शर्ट असेल तर वरचं एक बटण उघडं आणि १६-१८ इंच, क्रूस कॉलरच्या फटीत. खूप भरतकाम असलेल्या कुर्त्यावर क्रूस दिसतच नाही, तिथे आत ठेवला तरी चालतो, तो आपल्यासाठी आहे.

हिंजवडी, खराडीला नोकरी करणाऱ्यांसाठी खास, ऑफिसच्या आयडी कार्डाची पट्टी आणि चेन एकमेकींत पिळून बसतात. आखूड चेन घाला म्हणजे पट्टीच्या आत वरच्या वर राहते, किंवा कार्ड कमरेला लावा.

साडी कॉटनची असेल, खणाचा ब्लाउज असेल तर १८ ते २० इंचाच्या चेनवर पिवळ्या सोन्याचा साधा क्रूस बास, दुसरं काही लागत नाही. आपल्या सावळ्या, गव्हाळ रंगावर २२ कॅरेटचा पिवळा जो उठतो तो व्हाईट गोल्डचा उठत नाही, शिवाय व्हाईट गोल्डवर ऱ्होडियमचा मुलामा असतो तो काही काळाने परत द्यावा लागतो आणि काहींना त्यातल्या निकेलची खाज येते. पैठणी, लग्नकार्य असेल तर गळ्याशी ठुशी आणि तिच्या खाली २२ इंचावर क्रूस, मधे दोन इंच तरी मोकळी जागा सोडा. मोहनमाळ, बोरमाळ, चपलाहार आणि क्रूस सगळं एकदम घातलं की क्रूस त्यात बुडतो, मग त्या दिवशी बाकीचं कमी करा, क्रूस काढू नका. नवरी पांढऱ्या साडीत किंवा गाऊनमध्ये असते तेव्हा मोत्यांच्या आखूड माळेखाली एक बारीक क्रूस फार शोभतो, डोक्यावरच्या व्हेलची जाळी अडकू नये म्हणून कोपरे गोल आहेत ना ते आदल्या दिवशी बघा.

मंगळसूत्राचं काय, हा प्रश्न प्रत्येक नवी सून विचारते. आपल्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांत काळे मणी आहेतच आणि वाट्यांच्या जागी क्रूस असतो. तुमचं तसं असेल तर वेगळा क्रूस घालायची गरजच नाही, एका गळ्यात दोन क्रूस मला तरी जास्त वाटतात. असं मंगळसूत्र करून घेताना क्रूसाला दोन बाजूंना कड्या लावा, वाटीला असतात तशा, आणि ओवायचं काम पटवेकऱ्याकडून करून घ्या, तो गाठी अशा मारतो की एक पदर तुटला तरी सगळे मणी सांडत नाहीत. वाट्यांचं मंगळसूत्र आणि क्रूसाची चेन दोन्ही घालायची असतील तर लांबीत तीन-चार इंचांचा फरक ठेवा, आखूड क्रूस वर आणि लांब मंगळसूत्र खाली, म्हणजे गुंतत नाहीत.

पुरुषांनी २० ते २४ इंच, क्रूस शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या खाली, टी-शर्टवर बाहेर काढला तरी छान. गुड फ्रायडेला आमच्याकडे बाकी सोनं काढून ठेवून फक्त साधा क्रूस गळ्यात ठेवतात, नियम नाही, रीत आहे. आणि कॅथलिक असाल तर नवा क्रूस घालण्याआधी मिस्सा संपल्यावर फादरकडून आशीर्वाद देऊन घ्या, प्रोटेस्टंट मंडळीत पाळकसाहेबांना सांगितलं तर प्रार्थना करतात.

बाप्तिस्म्याला तान्ह्या बाळाला चेन मिळते, ती फोटोपुरती सुद्धा कुणाच्या तरी हाताशी असतानाच घाला आणि लगेच काढा, बाळं तोंडात घालतात, गळ्याला आवळू शकते. शाळेत जाणाऱ्या मुलीला १४ इंच, दोन बाजूंनी जोडलेला क्रूस.

८. दुचाकीवर

पुण्यात राहायचं म्हणजे दुचाकी आणि स्कार्फ आलाच. स्कार्फ गुंडाळायच्या आधी क्रूस कपड्याच्या आत टाका, आणि सोडताना मागच्या गाठीबरोबर चेन ओढली जात नाही ना ते हाताने चाचपा, चेन तुटण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. हेल्मेटचा पट्टा सुद्धा आखूड चेनला लागतो. सकाळी फिरायला जाताना, बसच्या गर्दीत आणि गणपतीतल्या रस्त्यांवर क्रूस आतच ठेवा. चेन खेचली गेली तर पोलिसांकडे जाताना बिल, दागिन्याचा फोटो आणि एचयूआयडी नंबर उपयोगी पडतो, म्हणून घेतल्याच दिवशी या तिन्हींचे फोटो फोनमध्ये आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवून द्या.

९. साफ करणं आणि ठेवणं

अत्तर, डिओ, क्रीम आधी, क्रूस नंतर. पोहायला जाताना काढा, क्लोरीन सोन्यातल्या मिश्रधातूला खातं, विशेषतः १८ आणि १४ कॅरेटला. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, दहा मिनिटं भिजवून लहान मुलांच्या मऊ ब्रशने हलकेच घासायचं, की झालं. रिठ्याचं पाणी त्याहून छान, आजीच्या काळापासूनचं आहे. टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात, सोनं मऊ असतं. बेसिनमध्ये धुवू नका, वाटीत धुवा.

चेनला गाठ बसली तर ओढू नका, थेंबभर खोबरेल तेल लावून दोन सुयांनी सैल करा. प्रवासात चेनचं एक टोक स्ट्रॉमधून घालून लॉक लावा, गुंता होत नाही.

१०. तुटली तर

आधी क्रूस काढून घरी ठेवा आणि फक्त चेन न्या. कारागिरासमोर वजन करा, चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि डाग दिल्यावर परत वजन. शक्य असेल तिथे समोर बसून करून घ्या, साध्या डागाला फार वेळ लागत नाही. डाग चेनच्या कॅरेटचाच द्या म्हणून सांगा, नाहीतर त्या जागी रंग वेगळा दिसतो आणि मोडताना वजावट लावतात. एकाच जागी दुसऱ्यांदा तुटली तर पुन्हा डाग देत बसू नका, त्या दोन-तीन कड्या झिजलेल्या असतात, त्या बदलून घ्या, आणि त्याच वेळी क्रूसाची कडी सुद्धा भिंगाखाली बघायला सांगा, चेनवर घासून घासून ती वरच्या बाजूने आतून पातळ होते आणि बाहेरून ते कळतच नाही.